अर्ध्या मिलिलिटरातला शोध

आठशे ग्रॅम वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असतं सत्तर-पंच्याहत्तर मिलिलिटर. टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढं. बाळाची साखर, बिलिरुबिन, प्लेटलेट्स, रक्तातल्या वायूंचं प्रमाण हे सगळं यातूनच मोजायचं असतं. आणि बाळ अचानक मलूल पडलं, श्वास घ्यायचं विसरू लागलं, की ब्लड कल्चरसाठीही रक्त यातूनच काढायचं. मोठ्या माणसाच्या कल्चरच्या एका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त घालतात, तेही दोन-तीनदा. या बाळाकडून एक मिलिलिटर मिळालं तरी नर्स सुटकेचा निःश्वास टाकते. पुष्कळदा अर्ध्यावर भागवावं लागतं. रक्तात बुरशी शिरली असेल, तर एका मिलिलिटरात तिची एखादीच पेशी असण्याची शक्यता असते. अर्धा मिलिलिटर काढला आणि ती पेशी उरलेल्या रक्तातच राहून गेली, तर पाच दिवसांनी कागद येतो: ‘नो ग्रोथ’. बाळ मात्र खालावतच जातं.

नवजात बाळांच्या रक्तातल्या बुरशीच्या निदानातली ही पहिली अडचण. दुसरी अडचण त्याहून अवघड आहे. बुरशी बाटलीत वाढली, डोळ्यांना दिसली, तरी ती नेमकी कोणती हे कळेलच असं नाही.

सप्टेंबर २०२१. कोविडची दुसरी लाट ओसरून काही महिनेच झाले होते. दिल्लीतल्या एका नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, बाळांच्या रक्तात एक यीस्ट सापडू लागलं. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. फेब्रुवारी २०२२ पर्यंत अशी दहा बाळं झाली. एक सोडून सगळी अडीच किलोंपेक्षा कमी वजनाची. बुरशीचं नाव लोडेरोमायसिस इलाँगिस्पोरस. बालरोगतज्ज्ञांपैकी बहुतेकांनी ते तोवर ऐकलेलंही नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस नावाचं यीस्ट एनआयसीयूत नेहमी भेटतं. लोडेरोमायसिस म्हणजे त्याचंच दुसरं रूप, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. पुढे डीएनएच्या तपासणीत दोन्ही वेगळ्या जाती ठरल्या. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी रक्तातून मिळालेले, ‘पॅराप्सिलोसिस’ असं लेबल लावून साठवलेले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले काही लोडेरोमायसिसचे निघाले. माणसाच्या रक्तात ती आधीपासूनच होती, फक्त नोंद दुसऱ्याच नावावर होत होती.

दिल्लीच्या प्रकरणात ती वेळेत ओळखली गेली, याचं कारण नमुने योग्य ठिकाणी पोचले. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. अनुराधा चौधरी यांची बुरशींवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. तिथे बुरशीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे जियानपिंग शू यांचाही या कामात सहभाग होता. बाळांचे नमुने तपासून ही मंडळी थांबली नाहीत. विभागातल्या वस्तूंवरून कापसाचे बोळे फिरवून तेही तपासले. बाळाला ऊब देणाऱ्या उघड्या वॉर्मरचा कठडा आणि त्याच वॉर्मरचं तापमान दाखवणारं पॅनेल, या दोन जागी तीच बुरशी सापडली. बाळाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर माणसाचा हात सहज जिथे टेकतो, नेमक्या त्याच या जागा.

शोध तिथेही संपला नाही. याच गटाने आधी बाजारातली साठवलेली सफरचंदं तपासली होती आणि काहींच्या सालीवर कॅन्डिडा ऑरिस ही रुग्णालयांमधली कुप्रसिद्ध बुरशी मिळाली होती. शीतगृहात टिकावीत म्हणून सफरचंदांवर बुरशीनाशकं मारतात. त्यातून साध्या बुरशी मरतात आणि चिवट बुरशींना मोकळी जागा मिळते, असा तर्क त्यामागे होता. आता सफरचंदांच्या सालीवर लोडेरोमायसिसही सापडली. एखाद्या बाळाला ती सफरचंदातून आली असं यावरून सिद्ध होत नाही, आणि तसं कुणी म्हटलेलंही नाही. एवढंच कळलं की ही बुरशी विभागाच्या दाराबाहेर, रोजच्या बाजारात आहे.

दहापैकी नऊ बाळं वाचली. २०२३ मध्ये ‘एमबायो’ या नियतकालिकात हा सगळा शोध प्रसिद्ध झाला. याच दिल्लीत त्याआधी कॅन्डिडा ब्लँकाय या आणखी एका अनोळखी यीस्टचा नवजात बाळांमध्ये उद्रेक झाल्याची नोंद २०२० ची आहे.

आता थोडं बाळाकडे. ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ असं घरचे म्हणतात, तेव्हा त्या पेटीत काय काय चालू असतं हे त्यांना अर्धवटच माहीत असतं. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की ती अडसर म्हणून फारशी कामाची नसते. नाभीतून किंवा हातातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत एक बारीक नळी घातलेली असते. आतड्याला दूध झेपत नाही म्हणून त्या नळीतून साखर, प्रथिनं आणि चरबीचं पांढरं द्रावण जातं. श्वासनलिकेत दुसरी नळी असते. जंतुसंसर्गाच्या शंकेने पहिल्या दिवसापासून प्रतिजैविकं चालू असतात, आणि त्यांत सेफोटॅक्सिमसारखी तिसऱ्या पिढीची औषधं असली तर आतड्यातले बुरशीला रोखून धरणारे जिवाणू साफ होतात. पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर धोका आणखी वाढतो. बुरशीला एवढं सगळं एकाच जागी दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

लक्षणं काही वेगळं सांगत नाहीत. बाळ थंड पडतं, श्वास मधेच थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात, पोट फुगतं, दूध पचत नाही, रक्तातली साखर वाढते, प्लेटलेट्स कोसळतात. जिवाणूंच्या संसर्गातही हेच होतं. त्यामुळे डॉक्टर आधी प्रतिजैविक बदलतात, मग आणखी वरचं देतात. ते चूक नाही, कारण जिवाणूंचा संसर्ग कितीतरी जास्त आढळतो. पण बुरशी असेल तर हे दिवस फुकट जातात. अनुभवी डॉक्टरांना प्लेटलेट्सच्या आकड्याने धडधडायला लागतं. वरची औषधं चालू असूनही प्लेटलेट्स खालीच राहिल्या, तर ते कल्चरच्या निकालाची वाट न पाहता बुरशीचं औषध सुरू करतात. हा अंदाज असतो. निदान अजून व्हायचंच असतं.

निदानाचा रस्ता तळमजल्यावरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या खोलीतून जातो. वर्तमानपत्रांत ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे फोटो येतात. या खोलीतल्या तंत्रज्ञाचा फोटो कुणी छापत नाही. रक्ताची बाटली यंत्रात ठेवतात. आत काही वाढू लागलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि यंत्र खूण करतं. यीस्टला यासाठी एक ते तीन दिवस लागतात. मग बाटलीतला थेंब काचेवर पसरून ग्रॅम स्टेन करतात. जिवाणूंच्या कितीतरी पट मोठ्या, अंडाकृती, जांभळ्या, कडेला अंकुर फुटलेल्या पेशी दिसल्या की तंत्रज्ञ वॉर्डात फोन लावतो: ‘बडिंग यीस्ट सेल्स दिसताहेत.’ या एका फोनने पुढचं सगळं बदलतं.

पुढची पायरी जर्म ट्यूब चाचणी. माणसाच्या रक्तातल्या सीरममध्ये यीस्ट घालून दोन-तीन तास शरीराच्या तापमानाला ठेवायचं. पेशीतून नळीसारखा कोंब फुटला तर बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स. साधी, स्वस्त, साठ वर्षांहून जुनी आणि अजूनही उपयोगाची चाचणी. पण कोंब फुटला नाही तर? बऱ्याच छोट्या प्रयोगशाळांचा रिपोर्ट इथेच संपतो आणि कागदावर तीन शब्द येतात: ‘नॉन-अल्बिकन्स कॅन्डिडा’. म्हणजे बुरशी कोणती नाही हे कळलं. कोणती आहे ते कळलंच नाही. दुर्मीळ बुरशी सगळ्यात जास्त हरवतात त्या याच तीन शब्दांत. त्या जितक्या दुर्मीळ वाटतात तितक्या आहेत का, ही शंका म्हणूनच घ्यायला हवी.

ज्यांच्याकडे रंगांवरून जात ओळखणारं क्रोमॅगर माध्यम आहे, त्यांना थोडं पुढे जाता येतं. त्यावर अल्बिकन्स हिरवी उगवते, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुझी खरबरीत गुलाबी. लोडेरोमायसिसची वसाहत निळसर छटेची येते, पॅराप्सिलोसिसपेक्षा वेगळी. तंत्रज्ञाची नजर तयार असेल तर तिथेच खटकतं. त्याच्याही पुढे माल्डी-टॉफ नावाचं यंत्र आहे. ते बुरशीच्या प्रथिनांवर लेसर सोडून त्यांच्या वजनांचा आलेख काढतं आणि साठवलेल्या आलेखांशी जुळवून काही मिनिटांत नाव सांगतं. यंत्र महाग, एका तपासणीचा खर्च मात्र किरकोळ. अर्थात, साठवणीतच नसलेलं नाव तेही सांगू शकत नाही. तेव्हा उरतो डीएनएचा आयटीएस हा तुकडा वाचणं. बुरशी ओळखण्याची सर्वमान्य खूण म्हणून २०१२ मध्ये तो पुढे आला.

यंत्राने चुकीचं नाव सांगितल्याचं गाजलेलं उदाहरण कॅन्डिडा ऑरिसचं. २००९ मध्ये जपानमध्ये एका सत्तर वर्षांच्या बाईच्या कानातून ती पहिल्यांदा वेगळी काढली गेली. मग जुने साठे धुंडाळले गेले, तेव्हा दक्षिण कोरियात १९९६ मध्येच एक वर्षाच्या मुलीच्या रक्तातून हीच बुरशी मिळाली होती आणि तेव्हा ती ओळखली गेली नव्हती, असं २०११ मध्ये उघड झालं. दिल्लीत दोन रुग्णालयांतल्या बारा रुग्णांचे नमुने डॉ. चौधरींच्या गटाने २०१३ मध्ये जाहीर केले. रुग्णालयांतल्या स्वयंचलित यंत्रांनी त्यांना कॅन्डिडा हिम्युलोनाय अशासारखी नावं दिली होती. यंत्राच्या आधीच्या आवृत्तीत ऑरिसचं नाव नव्हतंच. त्याने आपल्याजवळच्या नावांतलं सगळ्यात जवळचं उचललं. पुढे भारतातल्या २७ आयसीयूंचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यांतल्या १९ ठिकाणी ऑरिस सापडली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली आणि सर्वांत वरच्या गटात ऑरिसला बसवलं.

नावाचा एवढा आग्रह कशासाठी, असं कुणी विचारेल. औषध त्यावरच ठरतं म्हणून. फ्लुकोनाझोल स्वस्त आहे, बाळांना बरंच सोसतं, बहुतेक ठिकाणी मिळतं. पण कॅन्डिडा क्रुझीवर ते जन्मतःच चालत नाही आणि ऑरिसच्या बहुतेक नमुन्यांवर चालत नाही. अँफोटेरिसिन-बी ताकदवान, त्याने मूत्रपिंडावर ताण येतो, पोटॅशियम घसरतं, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांत अजूनही भरवशाचं तेच. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिनच्या गटाचा ट्रायकोस्पोरॉन या यीस्टवर काहीच उपयोग होत नाही. रक्तात कोण आहे ते माहीत नसताना औषध निवडणं म्हणजे अंधारात तीर मारणं, आणि इथे चुकलेल्या तीराची किंमत बाळ मोजतं.

बुरशी सापडली की कामं वाढतात. मोठ्या शिरेतली नळी काढावी लागते. ती काढायला उशीर झालेल्या बाळांत मृत्यूचं प्रमाण जास्त असल्याचं अमेरिकी अभ्यासांत दिसलं आहे. पण नवी नळी घालायला दुसरी शीर मिळत नाही, म्हणून ‘उद्या काढू’ असं होतं. रक्त निर्जंतुक होईपर्यंत कल्चर पुन्हा पुन्हा करायचं. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं, हृदय, मेंदू तपासायचा. पाठीच्या कण्यातलं पाणीही काढावं लागतं. या शेवटच्या तपासणीला आईवडील घाबरतात आणि कधी डॉक्टरही ती टाळतात. अमेरिकेत एक किलोहून कमी वजनाच्या हजारो बाळांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीच्या पाण्यात कॅन्डिडा सापडलेल्या २७ बाळांपैकी १३ जणांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच आलं नव्हतं. रक्त स्वच्छ, म्हणून मेंदू स्वच्छ, असं मानता येत नाही.

काही बुरशी तर नेहमीच्या बशीत उगवतच नाहीत. मॅलासेझिया हे यीस्ट आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहतं; डोक्यातल्या कोंड्याशी त्याचा संबंध आहे. बहुतेक मॅलासेझियांना वाढायला बाहेरून चरबी लागते. नळीतून चरबीचं द्रावण घेणारं बाळ त्यांना आयतंच मिळतं. अशा द्रावणावर दीर्घकाळ असलेल्या बाळाच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत मॅलासेझिया सापडल्याची पहिली नोंद १९८१ ची. प्रयोगशाळेत ती हवी असेल तर माध्यमावर ऑलिव्ह तेल पसरावं लागतं. ते पसरायचं कधी, तर डॉक्टरने आधीच शंका कळवली असेल तेव्हा. वॉर्डातला डॉक्टर आणि तळमजल्यावरचा तंत्रज्ञ एकमेकांशी बोलत नसतील, तर ही बुरशी दोघांनाही दिसत नाही.

याच कुळातल्या एका बुरशीने अमेरिकेत कहर केला होता. मॅलासेझिया पॅकिडर्मेटिस ही मुळात कुत्र्यांच्या कानात राहणारी. तिला बाहेरच्या चरबीची गरज नाही, म्हणून ती साध्या माध्यमावरही उगवते. १९९३ ते १९९५ या काळात न्यू हॅम्पशायरमधल्या एका एनआयसीयूत पंधरा बाळांपर्यंत ती पोचली. आठ जणांच्या रक्तात. कुत्रं तर विभागात येत नाही. मग तपास करणाऱ्यांनी कर्मचाऱ्यांच्या घरच्या कुत्र्यांचे नमुने घेतले. ३९ पैकी १२ कुत्र्यांकडे ही बुरशी होती, आणि तीन कुत्र्यांकडची बाळांकडच्या बुरशीशी तंतोतंत जुळली. एका कर्मचाऱ्याच्या हातावरही ती मिळाली. संध्याकाळी घरी कुत्र्याच्या कानामागे खाजवणारा हात सकाळी बाळाची नळी हाताळत असावा. उपाय म्हणून कुणाला कुत्री सोडून द्यायला लावली नाहीत. हात धुण्याची शिस्त कडक केली, आणि उद्रेक थांबला. १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये तो छापून आला तेव्हा बालरोगतज्ज्ञांच्या बैठकांत बराच चघळला गेला असणार.

भारतातलं याहून कितीतरी मोठं प्रकरण चंदीगडचं. एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८, तब्बल तेवीस महिने, तिथल्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या बालविभागात पिकिया अनोमाला या यीस्टचा उद्रेक चालू होता. ३७९ नवजात बाळं आणि मुलं बाधित झाली. दाखल झालेल्यांपैकी शंभरात चार. हे यीस्ट फळांवर, धान्यावर, आंबवलेल्या पदार्थांत सापडतं, माणसाला त्रास देणारं म्हणून ते फारसं माहीत नव्हतं. डॉ. अरुणलोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखलं, नमुन्यांमधल्या विकरांच्या तुलनेतून सगळ्यांचं मूळ एकच असल्याचं दाखवलं आणि माग थेट कर्मचाऱ्यांच्या हातांपर्यंत नेला. अपुऱ्या दिवसांची, दीड किलोहून कमी वजनाची, जास्त दिवस राहिलेली बाळं यात सापडली. कर्मचाऱ्यांना शिकवूनही उद्रेक पूर्ण थांबेना, तेव्हा धोक्यातल्या सगळ्या बाळांना नायस्टॅटिन आणि फ्लुकोनाझोल आधीच द्यावं लागलं.

चंदीगडच्या बाबतीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. एवढा मोठा उद्रेक त्यांनी स्वतःच्या संस्थेच्या नावासकट, आकड्यांसकट छापला. २००१ मध्ये. देशातल्या किती रुग्णालयांमध्ये असे उद्रेक झाले आणि फायलींतच मिटले असतील, याची कल्पना करता येते. पीजीआयमध्ये आज रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय साठा आहे, आणि कुठलीही न ओळखता आलेली बुरशी तिथे पाठवता येते. ज्यांनी आपलं अपयश लपवलं नाही त्यांच्याकडे आता बाकीच्यांनी मदत मागावी, यात एक न्याय आहे.

बाळाला मुद्दाम दिलेलं यीस्टही कधी रक्तात जातं. जुलाबांवर प्रोबायोटिक म्हणून सॅकरोमायसिस बुलार्डीच्या पुड्या आपल्याकडे सर्रास देतात. २०१७ मध्ये भारतातून अशा पुड्यांशी संबंधित सात रुग्ण नोंदवले गेले, त्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंही होती. पुडी बाळाच्या खाटेशेजारी फाडली की भुकटी हवेत उडते, हाताला लागते, आणि तोच हात नळीच्या तोंडाशी जातो. निरुपद्रवी म्हणून जे दिलं जातं, ते आठशे ग्रॅमच्या बाळाला निरुपद्रवी असेलच असं नाही.

झटपट निदानाच्या चाचण्या नाहीत का? आहेत, पण बाळासाठी त्या तोकड्या पडतात. रक्तातलं बीटा-डी-ग्लुकन हे बुरशीच्या भिंतीतलं द्रव्य मोजता येतं. मात्र अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, शस्त्रक्रियेतला गॉझ यांमुळेही ते वाढलेलं दिसतं, आणि एनआयसीयूतल्या बाळाला यातलं काही ना काही मिळालेलं असतंच. टी-टू कॅन्डिडा ही चाचणी थेट रक्तातून काही तासांत उत्तर देते, पण ती पाचच जाती ओळखते. लोडेरोमायसिस, पिकिया अनोमाला, ऑरिस त्या पाचांत नाहीत. दुर्मीळ बुरशीसाठी अजूनही बाटली, बशी आणि जाणती नजर यांना पर्याय नाही.

रक्तातल्या बुरशीचा हा आजार मुख्यतः रुग्णालयात तयार होतो, हे महाराष्ट्राला वेगळ्या अर्थाने कळायला हवं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांच्या घरी जाऊन केलेल्या उपचारांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. ३९ गावांतल्या आरोग्यदूतांनी लक्षणांवरून जंतुसंसर्ग ओळखला, जेंटामायसिनची इंजेक्शनं घरीच दिली, आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. तिथे यश मिळालं कारण घरी जन्मलेल्या बाळांचा संसर्ग प्रामुख्याने जिवाणूंचा होता. नळ्या, चरबीची द्रावणं, आठवडेच्या आठवडे प्रतिजैविकं तिथे नव्हती. पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात विशेष काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू, उभे राहिले. पहिला २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात. पूर्वी जी बाळं जगलीच नसती ती आता आठवडेच्या आठवडे या कक्षांत राहतात. हे यश आहे, त्याबद्दल दुमत नको. पण बाळांसोबत बुरशीलाही तिथे राहायला जागा मिळाली. खाटा वाढवताना त्या प्रमाणात बुरशी ओळखणारी माणसं वाढवली नाहीत, तर ‘नॉन-अल्बिकन्स कॅन्डिडा’चे कागद वाढत राहतील.

बुरशी होऊच नये म्हणून आधीच औषध देणं हाही एक रस्ता आहे. २००१ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात एक किलोहून कमी वजनाच्या शंभर बाळांवर चाचणी झाली. फ्लुकोनाझोल मिळालेल्या पन्नासांत एकालाही बुरशीचा संसर्ग झाला नाही. न मिळालेल्या पन्नासांत दहांना झाला. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण जिथे फ्लुकोनाझोलला न जुमानणाऱ्या बुरशींचा वावर आहे, तिथे डोळे मिटून ते दिलं तर त्याच बुरशींना रान मोकळं होतं. म्हणजे आपल्या विभागात कोणत्या बुरशी आहेत हे आधी माहीत हवं. पुन्हा नावच.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरचं बाळ पेटीत असेल, तर काही गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. प्रतिजैविक बदलण्याआधी ब्लड कल्चर घेतलं का? रिपोर्टमध्ये यीस्ट आलं असेल तर कोणतं, आणि त्यावर कोणतं औषध चालतं हे तपासलं का? पाठीचं पाणी तपासलं का? नळी कधी काढणार? डॉक्टर वैतागले तरी विचारावं. चांगले डॉक्टर वैतागत नाहीत. बाळाला भेटायला जाताना घड्याळ, अंगठ्या, बांगड्या उतरवून कोपरापर्यंत हात धुवावेत आणि वॉर्मरच्या कठड्यावर हात टेकवला तर बाळाला शिवण्याआधी ते पुन्हा धुवावेत. आणि रुग्णालय चालवणाऱ्यांना एकच विनंती: प्रयोगशाळेतून ‘नॉन-अल्बिकन्स कॅन्डिडा’ असा कागद आला, तर तो अंतिम रिपोर्ट म्हणून स्वीकारू नका. आपल्याकडे जमत नसेल तर नमुना जिथे ओळखता येतो तिथे त्याच दिवशी पाठवा.